दहा फ्रेमवर चालतं, दहा हजारांवर अडकतं: क्ष-किरण स्कॅटरिंगच्या डेटा प्रोसेसिंगमधला नेहमीचा बिघाड

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. स्क्रिप्ट पहिल्या दहा फ्रेमवर (डिटेक्टरने टिपलेल्या चित्रांवर) तपासली, तीव्रतेचा कर्व्ह स्वच्छ आला, म्हणून रात्री पूर्ण डेटासेटवर लावून दिली. सकाळी बघावं तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' एवढंच असतं. किंवा प्रोग्रॅम चालू आहे पण पाच टक्क्यांपाशीच रेंगाळतोय. किंवा काम पूर्ण झालंय, पण सरासरी कर्व्हमध्ये लाखांच्या उंचीचे काटे उभे आहेत. मग पहिला संशय इंटिग्रेशनच्या, म्हणजे फ्रेमच्या चित्राचा कर्व्ह बनवण्याच्या, गणितावर जातो. पद्धत बदलून बघितली जाते, लायब्ररीची आवृत्ती बदलली जाते, शेवटी जास्त रॅमचं मशीन मागितलं जातं.

हे सगळं करण्याआधी थांबा. या तिन्ही लक्षणांचं मूळ बहुतेक वेळा फाइलमधून फ्रेम उचलण्यापासून ती इंटिग्रेटरच्या हाती पडेपर्यंतच्या टप्प्यात असतं. इंटिग्रेशनचं गणित वर्षानुवर्षं हजारो लोकांनी घासूनपुसून तपासलेलं आहे. फ्रेम वाचणाऱ्या आपल्या वीस ओळी तशा तपासलेल्या नसतात. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

पुढचं सगळं आयगर प्रकारचा क्ष-किरण डिटेक्टर, तो डेटा ज्यात साठवतो त्या एचडीएफ५ फाइल्स, त्या वाचणारं पायथनमधलं एच५पाय आणि इंटिग्रेशनसाठी ईएसआरएफ या युरोपीय सिंक्रोट्रॉन केंद्रात तयार झालेली पायएफएआय ही लायब्ररी धरून लिहिलं आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं बदलतील, कारणं फारशी बदलणार नाहीत.

आधी आकडा कागदावर मांडा

आयगर ४एमच्या एका फ्रेममध्ये २०७० × २१६७ म्हणजे ४४,८५,६९० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेल ३२ बिटांचा धरला तर एक फ्रेम सुमारे १७.९ एमबीची. हजार फ्रेम म्हणजे १७.९ जीबी, दहा हजार म्हणजे १७९ जीबी. कुठे तरी त्याचं फ्लोट६४ (६४ बिटांची दशांश संख्या) झालं की हेच आकडे दुप्पट.

डिस्कवर मात्र ही फाइल कितीतरी लहान दिसते. डेटा बिटशफल आणि एलझी४ या कॉम्प्रेशनच्या पद्धतींनी दाबलेला असतो, आणि स्मॉल अँगलच्या (लहान कोनातल्या स्कॅटरिंगच्या) फ्रेममध्ये पुष्कळसे पिक्सेल शून्य किंवा एक-दोन फोटॉनचेच असतात, त्यामुळे तो फार छान दबतो. म्हणून 'फाइल तर आठ जीबीची आहे, मेमरी चौसष्टची आहे, सहज मावेल' हा हिशेब चुकीचा ठरतो. फाइलचा आकार बघू नका. डेटासेटचा शेप (किती फ्रेम, किती पिक्सेल) आणि डीटाइप (प्रत्येक आकडा कोणत्या प्रकारचा, किती बिटांचा) बघा, गुणाकार करा. एका मिनिटाचं काम आहे, आणि निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं.

वाचन, इंटिग्रेशन, लेखन: तिन्ही वेगळं मोजा

काहीही दुरुस्त करण्याआधी कोणता भाग आजारी आहे ते ठरवा. त्यासाठी तीन छोटे प्रयोग पुरतात. पहिल्यात फक्त पाचशे फ्रेम वाचा आणि सोडून द्या, इंटिग्रेशन करूच नका. दुसऱ्यात एकच फ्रेम मेमरीत घ्या आणि तिचंच पाचशे वेळा इंटिग्रेशन करा, डिस्कला हात लावू नका. तिसऱ्यात खोट्या आकड्यांचे पाचशे कर्व्ह नेहमीच्या पद्धतीने फाइलमध्ये लिहा. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि प्रोसेसची मेमरी नोंदवा. टॉप कमांडमधला आरईएस हा स्तंभ त्यासाठी पुरेसा आहे.

यात एक सापळा आहे. लिनक्स एकदा वाचलेली फाइल रिकाम्या मेमरीत धरून ठेवतं. त्यामुळे तोच प्रयोग दुसऱ्यांदा चालवला की वाचन एकदम वेगवान वाटतं, आणि 'मी केलेला बदल लागू पडला' असा गैरसमज होतो. प्रत्येक चाचणीला डेटाचा वेगळा, आधी न वाचलेला तुकडा घ्या.

याच कॅशेमुळे दुसरी एक घबराट नेहमी होते. फ्री कमांडमध्ये वापरात नसलेली मेमरी जवळजवळ शून्य दिसते आणि लोक मेमरी लीक शोधायला लागतात. तिथला 'फ्री' स्तंभ सोडा, 'अव्हेलेबल' बघा. कॅशेने व्यापलेली मेमरी गरज पडली की सिस्टिम स्वतःच मोकळी करते.

'किल्ड': मेमरी नेमकी कुठे जाते

प्रोग्रॅम कोणताही एरर न देता मेला आणि एक्झिट कोड १३७ असेल, तर त्याला बाहेरून मारलेलं आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा किल सिग्नलचा क्रमांक. बहुतेक वेळा मारणारा कर्नलचा आउट-ऑफ-मेमरी रखवालदार किंवा क्लस्टरचा जॉब मॅनेजर असतो. पायथनला स्वतःला काय झालं ते कळतच नाही, म्हणून ट्रेसबॅक शोधण्यात वेळ घालवू नका.

मल्टिप्रोसेसिंगचा पूल (काम वाटून घेणाऱ्या वर्कर प्रोसेसचा गट) वापरत असाल तर लक्षण अजून फसवं असतं. एखादा वर्कर मारला गेला तरी पूल त्याच्या जागी नवा वर्कर उभा करतो, पण जुन्याच्या हातातलं काम हरवलेलं असतं. मुख्य प्रोग्रॅम त्या कामाच्या उत्तराची वाट बघत कायमचा बसून राहतो. 'अडकलंय, पण सीपीयू शून्य टक्के' असं दिसलं तर हा संशय घ्या. याउलट कॉन्करंट फ्युचर्समधला प्रोसेस-पूल अशा वेळी पूल मोडल्याचा स्पष्ट एरर देतो. मोठ्या कामासाठी मी तोच वापरायला सांगेन, कारण मुकाट बसून राहणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा तक्रार करणारा प्रोग्रॅम कधीही बरा.

आता मेमरीच्या चढण्याचा आकार बघा. सुरुवातीलाच एका झटक्यात वर गेली, तर कुठे तरी अख्खा डेटासेट एकदम वाचला जातोय. हे नेहमी उघडपणे घडत नाही. एच५पायचा डेटासेट नुसता हातात असतो तेव्हा काहीच वाचलेलं नसतं, पण तो नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या मीन किंवा मीडियनसारख्या फंक्शनला दिला की आधी सगळाच्या सगळा मेमरीत उतरतो आणि मग सरासरी सुरू होते. सरासरी हवी असेल तर फ्लोट६४ची एक रिकामी फ्रेम ठेवा आणि एकेक फ्रेम त्यात मिळवत जा. मीडियन मात्र अशी फ्रेमफ्रेमने काढता येत नाही. तिच्यासाठी डिटेक्टरचे आडवे पट्टे पाडून एका वेळी एकच पट्टा सगळ्या फ्रेममधून घ्यावा लागतो. तेही जपून, त्याबद्दल खाली सांगतो.

मेमरी पायरीपायरीने, प्रत्येक फ्रेमबरोबर थोडी थोडी चढत असेल, तर एक कारण आधी तपासा, कारण ते वाचताना नजरेतून सुटतं. समजा प्रत्येक फ्रेममधून बीमस्टॉपजवळचा (थेट बीम अडवणाऱ्या तुकड्याजवळचा) २० × २० पिक्सेलचा छोटा चौकोन काढून तुम्ही एका यादीत ठेवताय. चौकोन फक्त ४०० पिक्सेलचा, म्हणजे १,६०० बाइट. दहा हजार फ्रेमचे मिळून १६ एमबी, काळजीचं कारणच नाही. पण नमपायमध्ये असा कापलेला तुकडा स्वतंत्र प्रत नसतो. तो मूळ ॲरेकडे बघणारी खिडकी असतो, आणि खिडकी जिवंत आहे तोवर मूळ १७.९ एमबीची फ्रेम मेमरीतून जात नाही. यादीत हजार चौकोन जमले की मागे हजार अख्ख्या फ्रेम उभ्या असतात. तुकडा यादीत टाकताना त्याची कॉपी करा, किंवा त्याची बेरीज आत्ताच काढून फक्त तो आकडा ठेवा. एका शब्दाची दुरुस्ती, आणि चढण सपाट होते.

खिडकी खरंच धरून बसली आहे का, हे तपासणंही सोपं आहे. त्या तुकड्याच्या बेस या गुणधर्मात 'नन' असेल तर तो स्वतंत्र आहे. तिथे मोठा ॲरे दिसला तर चोर सापडला.

रेंगाळणं: टेबल पुन्हा पुन्हा तर बांधलं जात नाही ना?

पायएफएआयचा वेग एका युक्तीवर उभा आहे. कोणता पिक्सेल कोणत्या क्यू-बिनमध्ये (क्यू ही स्कॅटरिंगच्या कोनावरून निघणारी राशी, बिन म्हणजे तिच्या अक्षावरचा एक कप्पा) किती वाट्याने जातो याचं टेबल ती पहिल्या फ्रेमला बांधते. त्यानंतरच्या प्रत्येक फ्रेमसाठी तेच टेबल वापरून फक्त गुणाकार-बेरीज करते. त्यामुळे पहिली फ्रेम मंद आणि बाकीच्या झटपट, हे वागणं बरोबर आहे. प्रत्येक फ्रेम पहिल्या फ्रेमइतकाच वेळ घेत असेल, तर टेबल दर वेळी नव्याने बांधलं जातंय.

याचं उघड कारण म्हणजे लूपच्या आत पोनी फाइल (डिटेक्टर आणि त्याच्या भूमितीची नोंद) वाचून नवा इंटिग्रेटर तयार करणं. तो लूपच्या बाहेर न्या. आड लपलेलं कारण मास्कचं, म्हणजे वगळायच्या पिक्सेलच्या नकाशाचं, असतं. चांगल्या हेतूने लोक प्रत्येक फ्रेमसाठी 'अमुकपेक्षा मोठे पिक्सेल खराब' असा नवा मास्क बनवतात आणि इंटिग्रेटरला देतात. लायब्ररी मास्कची चेकसम (त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) तपासते. मास्क एका पिक्सेलनेही बदलला तरी जुनं टेबल टाकून नवं बांधते, आणि तिच्या बाजूने ते योग्यच आहे. एखादा गरम पिक्सेल कधी उंबरठ्याच्या वर, कधी खाली गेला की टेबल पुन्हा बांधणं आलं. म्हणूनच असा प्रोग्रॅम कधी वेगात चालतो, कधी रांगतो, आणि त्यामागे काही नियम दिसत नाही.

उपाय असा: न बदलणारे खराब पिक्सेल एका स्थिर मास्कमध्ये ठेवा. फ्रेमगणिक बदलणारे पिक्सेल त्या फ्रेममध्ये एका ठरलेल्या खुणेच्या किमतीने भरा आणि ती किंमत 'डमी' म्हणून सांगा. डमीची तपासणी टेबलाच्या आधीच्या टप्प्यात होते, त्यामुळे टेबल शाबूत राहतं. बिनची संख्या, एकक आणि त्रिज्येची मर्यादाही सगळ्या डेटासेटसाठी सारखीच ठेवा. शक्य तिथे त्रिज्येची मर्यादा हातानेच द्या, म्हणजे सगळे कर्व्ह एकाच क्यू-अक्षावर बसतील आणि नंतर सरासरी काढताना त्रास होणार नाही.

रेंगाळणं: एकच चंक किती वेळा उघडताय?

इंटिग्रेशन झटपट आणि वाचन मंद, असं मोजमापात निघालं तर चंक बघा. एचडीएफ५मध्ये दाबलेला डेटा चंकच्या, म्हणजे एकत्र दाबलेल्या तुकड्यांच्या, हिशेबाने ठेवलेला असतो. आयगरच्या फाइल्समध्ये एक फ्रेम म्हणजे एक चंक. चंकमधला एक पिक्सेल हवा असला तरी अख्खा चंक वाचून उलगडावा लागतो.

एच५पायची चंक-कॅशे डेटासेटमागे पूर्वापार १ एमबी असते. आपला चंक उलगडल्यावर १७.९ एमबीचा, म्हणजे तो कॅशेत मावतच नाही. आता कोणी फ्रेम ओळीओळीने वाचली तर काय होतं बघा. पहिली ओळ मागितली, चंक उलगडला, ओळ दिली, चंक फेकला. दुसरी ओळ मागितली, तोच चंक पुन्हा उलगडला. २१६७ ओळींसाठी एकच चंक २१६७ वेळा. १७.९ एमबीची फ्रेम वाचायला जवळजवळ ३९ जीबी डेटा उलगडण्याची मेहनत झाली. स्क्रिप्टमध्ये हे कधीच इतकं सरळ लिहिलेलं नसतं. एखादं सेक्टर-इंटिग्रेशन ओळीओळीने चालणारं असतं, किंवा मीडियनसाठी पट्टे पाडलेले असतात आणि पट्टे फारच अरुंद असतात.

नियम साधा आहे. फ्रेम नेहमी अख्खी वाचा, मेमरीत आल्यावर हवी तशी कापा. पट्ट्यांचीच गरज असेल तर मेमरी परवानगी देईल तितके रुंद पट्टे घ्या, कारण प्रत्येक पट्ट्यासाठी संपूर्ण डेटासेट एकदा उलगडला जाणार आहे. चार पट्टे म्हणजे चार फेऱ्या, चाळीस पट्टे म्हणजे चाळीस. पिक्सेलच्या काळानुसार बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना, म्हणजे कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांना, याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. त्यांनी एकदाच वेळ काढून डेटा वेगळ्या चंक-आकारात लिहून घ्यावा. जास्त डिस्क लागेल, पण पुढचा प्रत्येक प्रयोग सुसह्य होईल. फाइल उघडताना चंक-कॅशे वाढवूनही थोडा फरक पडतो. फक्त ती प्रत्येक उघड्या डेटासेटमागे लागते, हे लक्षात ठेवून वाढवा.

मग 'थ्रेड वाढवू' हा विचार येतो. एच५पाय एका वेळी एकाच थ्रेडला एचडीएफ५ लायब्ररीत शिरू देते, त्यामुळे थ्रेड वाढवून वाचन वेगवान होत नाही. वेगवेगळ्या प्रोसेस वापरा. नाहीतर दाबलेला चंक तसाच कच्चा उचलून एच५पायच्या बाहेर अनेक थ्रेडमध्ये उलगडा. दुसरा मार्ग जास्त वेगवान आहे, पण तो खरोखर लागतो अशी वेळ क्वचित येते. आधी पहिला करून बघा.

प्रोसेस वापरताना दोन गोष्टी पाळा. फाइल प्रत्येक वर्करने आपली आपण उघडायची. मुख्य प्रोसेसमध्ये उघडलेली फाइल फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढून वर्कर बनवल्यावर) वर्करमध्ये वापरली तर वाचन बिघडतं, आणि कधीकधी एरर न येता चुकीचा डेटा हातात पडतो. पायथन ३.१४पासून लिनक्सवर वर्कर सुरू करण्याची मूळ पद्धत फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर झाली आहे, म्हणून जुन्या स्क्रिप्टचं वागणं आवृत्तीनुसार बदलू शकतं. दुसरी गोष्ट थ्रेडच्या गर्दीची. ३२ कोअरच्या मशीनवर ३२ वर्कर उभे केले आणि प्रत्येकातल्या लायब्ररीने आपणहून ३२ थ्रेड सुरू केले, तर हजाराहून जास्त थ्रेड एकमेकांच्या पायात येतात. ओपनएमपीच्या थ्रेडची संख्या ठरवणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ वर ठेवा आणि पुन्हा मोजा.

लेखनाबद्दल थोडक्यात: प्रत्येक फ्रेमची वेगळी टेक्स्ट फाइल करू नका. सामायिक फाइल सिस्टिमवर हजारो बारक्या फाइल्स तयार करणं हेच मोठं काम होऊन बसतं. शंभरेक कर्व्ह जमले की एका एचडीएफ५ डेटासेटमध्ये गठ्ठ्याने लिहा आणि फ्लश करा, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी तिथून पुढे सुरू करता येईल.

काटे: मास्कचा आकडा कर्व्हमध्ये कसा घुसतो

तीन लक्षणांमध्ये मला सगळ्यात गंभीर हे वाटतं. मेलेला प्रोग्रॅम कोणाला फसवत नाही. चुकीचा कर्व्ह मात्र प्रबंधात, लेखात जाऊन बसू शकतो. विशेषतः काटा मोठा नसून बारीक असेल आणि तो खरं ब्रॅग शिखर (नमुन्याच्या नियमित रचनेमुळे येणारं) वाटत असेल तेव्हा.

डिटेक्टर आपल्या मॉड्यूलमधल्या फटी आणि निकामी पिक्सेल अशक्य वाटेल अशा मोठ्या आकड्याने भरतो. ३२ बिटांच्या फ्रेममध्ये तो ४२९४९६७२९५ असतो, १६ बिटांच्या फ्रेममध्ये ६५५३५. पिलाटस या दुसऱ्या डिटेक्टरच्या फाइल्समध्ये हेच काम उणे एक आणि उणे दोन करतात.

यातला एकच पिक्सेल मास्कमधून सुटला असं समजा. त्याच्या बिनमध्ये २,००० पिक्सेल आहेत. सरासरीत त्याचा वाटा ४२९४९६७२९५ भागिले २,०००, म्हणजे सुमारे २१,४७,४८४. बाकीच्या पिक्सेलची सरासरी पाच-सात फोटॉनची असताना कर्व्हमध्ये एकवीस लाखांचा काटा. ओळखण्याची पद्धत याच्या उलट जाते. दुरुस्त्या, म्हणजे सॉलिड अँगल आणि पोलरायझेशन, बंद करा, पिक्सेल-स्प्लिटिंग (एक पिक्सेल अनेक बिनमध्ये विभागणं) बंद करा, आणि काट्याच्या उंचीला त्या बिनमधल्या पिक्सेलच्या संख्येने गुणा. उत्तर ४२९४९६७२९५च्या आसपास किंवा त्याच्या दुप्पट-तिप्पट आलं, तर मास्कमधून किती पिक्सेल सुटलेत हेही कळलं. ६५५३५च्या पटीत आलं तर डेटा १६ बिटांचा आहे.

आणि 'दहा फ्रेमवर काटे नव्हते, पुढे आले' असं का होतं, तर त्याची चार कारणं वारंवार सापडतात.

बिटांची संख्या सगळीकडे सारखी नसते. वेगाने घेतलेल्या मालिकेत फ्रेम १६ बिटांची, सावकाश घेतलेल्या मालिकेत ३२ बिटांची असू शकते. स्क्रिप्टमध्ये डमीची किंमत ४२९४९६७२९५ अशी ठोकून लिहिली असेल, तर १६ बिटांच्या मालिकेत ६५५३५ बिनधास्त आत शिरतो. ही किंमत डीटाइपवरून काढा, हाताने लिहू नका.

दुसरं कारण बेरजेचं. आवाज कमी करण्यासाठी लोक फ्रेम मिळवतात आणि मग इंटिग्रेट करतात. बेरजेचा ॲरेही बिनचिन्ही ३२ बिटांचाच असेल तर मास्कच्या पिक्सेलमध्ये आकडा उलटून पुन्हा सुरुवातीला जातो. दोन फ्रेमच्या बेरजेत ४२९४९६७२९५चे ४२९४९६७२९४ होतात, शंभर फ्रेमच्या बेरजेत ४२९४९६७१९६. डमीशी आता तो जुळत नाही आणि मास्क असूनही नसल्यासारखा होतो. मास्क आधी लावा, बेरीज नंतर करा.

तिसरं, वजाबाकी. बिनचिन्ही पूर्णांकांमध्ये ३ वजा ५ म्हणजे उणे २ होत नाही, ४२९४९६७२९४ होतं. पार्श्वभूमीची फ्रेम नमुन्याच्या फ्रेममधून सरळ वजा केली की जिथे जिथे पार्श्वभूमी किंचित जास्त, तिथे तिथे असे राक्षसी आकडे उगवतात. मोठ्या क्यूला, जिथे दोन्ही सिग्नल कमजोर असतात, हे हमखास घडतं. शक्यतो दोन्हींचं इंटिग्रेशन आधी करून कर्व्हची वजाबाकी करा. त्याने त्रुटीचा हिशेबही सरळ राहतो. फ्रेमवरच करायची असेल तर आधी फ्लोट करा.

चौथं, फ्लोट३२. त्यात २४ बिटांपर्यंतचीच अचूकता मावते, त्यामुळे ४२९४९६७२९५चे ४२९४९६७२९६ होतात. 'बरोबर इतकीच' अशी तुलना करणारा मास्क अशा रूपांतरानंतर भरवशाचा राहत नाही. 'अमुकपेक्षा मोठी' अशी तुलना करा. पायएफएआयमध्ये डमीच्या आजूबाजूची मोकळीक सांगायला डेल्टा-डमी आहे, तो द्या.

काटे थोडेच असतील तर पोनी फाइलमध्ये डिटेक्टरचं नाव काय आहे तेही बघा. नाव नेमकं असेल तर मॉड्यूलमधल्या फटींचा मास्क लायब्ररी स्वतः लावते. नुसता पिक्सेलचा आकार लिहिलेला असेल तर तिला फटींची माहितीच नसते. पण नाव बरोबर असलं तरी तुमच्या विशिष्ट डिटेक्टरचे निकामी पिक्सेल तिला ठाऊक असणं शक्य नाही. ते आयगरच्या मास्टर फाइलमधल्या पिक्सेल-मास्कमध्ये असतात. तिथे शून्य नसलेला प्रत्येक पिक्सेल संशयित धरा आणि हा मास्क स्वतः जोडा. पायएफएआयच्या मास्कमध्ये १ म्हणजे वगळायचा पिक्सेल. काही सॉफ्टवेअरमध्ये नेमकं उलट असतं, म्हणून दुसरीकडून आणलेला मास्क एकदा चित्र काढून डोळ्यांनी बघाच.

काट्याऐवजी सगळा सरासरी कर्व्हच 'नॅन' (आकडाच नाही) झाला असेल तर बीमच्या मॉनिटरचे, म्हणजे बीमची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचे, आकडे तपासा. मध्येच बीम गेला, मॉनिटर शून्य झाला, आणि त्या एका फ्रेमला शून्याने भागलं की पूर्ण सरासरी वाया जाते. मॉनिटर ठरावीक पातळीखाली असलेल्या फ्रेम आधीच बाजूला काढा, आणि किती काढल्या ते निकालाबरोबर लिहून ठेवा.

शिखरं जागेवरून सरकली असतील तर तो वेगळा विषय आहे, भूमितीचा. एवढी एक तपासणी मात्र लगेच करता येते: सिल्व्हर बेहेनेट या कॅलिब्रेशनच्या पदार्थाचं पहिलं वर्तुळ ०.१०७६ प्रति अँगस्ट्रॉमला यायला हवं, कारण त्याच्या थरांमधलं अंतर ५८.३८ अँगस्ट्रॉम आहे. ते १.०७६ला दिसलं तर काही बिघडलेलं नाही, अक्ष प्रति नॅनोमीटरमध्ये आहे.

फाइलच उघडत नाही, किंवा उघडते पण रिकामी

'फाइल लॉक करता येत नाही, एरर क्रमांक ११' असं आलं तर दुसरी कोणती तरी प्रोसेस ती फाइल लिहिण्यासाठी उघडून बसली आहे. मोजमाप अजून चालू असेल तर ते संपू द्या. नेटवर्कवरच्या काही फाइल सिस्टिममध्ये लॉकची सोयच नसते. तिथे एचडीएफ५चं लॉकिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बंद करता येतं. ते फक्त वाचणाऱ्या स्क्रिप्टसाठी करा. दोन प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहीत असताना लॉकिंग बंद करणं म्हणजे फाइल गमावण्याची तयारी.

प्लगिनची डिरेक्टरी सापडत नाही किंवा फिल्टर नोंदलेला नाही, अशा अर्थाचा एरर आला तर बिटशफल किंवा एलझी४चा फिल्टर नाही. एचडीएफ५प्लगिन हे पॅकेज बसवा आणि वाचण्याआधी इंपोर्ट करा. वर्कर प्रोसेसमध्येही ते इंपोर्ट झालेलं असायला हवं.

यापेक्षा धोक्याची गोष्ट म्हणजे एरर न येणं. आयगरच्या मास्टर फाइलमध्ये डेटा नसतो, शेजारच्या डेटा फाइल्सकडे जाणारे दुवे असतात. कॉपी करताना एखादी डेटा फाइल राहिली आणि दुवा साधा एक्स्टर्नल असेल, तर निदान एरर येतो. पण मोजमाप केंद्राने व्हर्च्युअल डेटासेट (अनेक फाइल्स एकच डेटासेट म्हणून दाखवणारा) बनवून दिला असेल, तर हरवलेल्या फाइलच्या जागी एचडीएफ५ मुकाट्याने भरावाची किंमत, बहुधा शून्य, परत देतं. सगळ्या फ्रेम 'वाचल्या' जातात, सरासरी खाली घसरते, आणि नमुनाच कमी स्कॅटर करतोय असं वाटतं. काम सुरू करण्याआधी व्हर्च्युअल डेटासेटचे स्रोत एच५पायकडून विचारून घ्या आणि प्रत्येक फाइल जागेवर आहे का तपासा. शिवाय एकूण बेरीज शून्य असलेल्या फ्रेम मोजा. खऱ्या मोजमापात अशी फ्रेम जवळजवळ कधीच नसते, कारण फटींचे मोठे आकडे तरी तिच्यात असतातच.

तरीही सुटलं नाही तर

मदत मागताना 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर देणारा फक्त अंदाज बांधू शकतो. डेटासेटचा शेप, डीटाइप, चंकचा आकार आणि कॉम्प्रेशन द्या. पायथन, एच५पाय, एचडीएफ५ आणि पायएफएआय यांच्या आवृत्त्या द्या. इंटिग्रेशनची पद्धत कोणती, सीपीयूवर की ओपनसीएलने ग्राफिक्स कार्डवर, ते सांगा. वर सांगितलेल्या तीन वेगळ्या चाचण्यांचे वेळ द्या, मेमरी झटक्यात चढते की पायऱ्यांनी ते लिहा. काट्यांचा प्रश्न असेल तर काटा असलेल्या बिनची उंची आणि त्यातल्या पिक्सेलची संख्या द्या. आणि जमलं तर बिघाड दाखवणाऱ्या दोन-तीन फ्रेमची छोटी फाइल पोनी फाइल आणि मास्कसकट जोडा. फ्रेम छाटू नका किंवा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून पाठवू नका, कारण अशा बदलात डीटाइप आणि चंक दोन्ही पालटतात.